रॅक सर्व्हर घेताना डिस्क आणि नेटवर्कचे पर्याय कसे ठरवावेत

रॅक सर्व्हरच्या कोटेशनमध्ये नजर आधी प्रोसेसर आणि रॅमवर जाते. पण रॅम पुढच्या वर्षीही वाढवता येते. समोरचे डिस्कचे कप्पे आणि त्यामागचा बॅकप्लेन (डिस्क ज्यात खोचतात तो सर्किट बोर्ड) मात्र ऑर्डर देतानाच ठरतो आणि नंतर बदलणं फार महागात पडतं. म्हणून सुरुवात तिथून करा. उदाहरणासाठी डेलचा २यू (रॅकच्या दोन घरांइतक्या) उंचीचा पॉवरएज आर७५० घेऊ.

पायरी १ : कप्पे निवडा
या सर्व्हरमध्ये समोर ३.५ इंची १२ डिस्क बसतात, किंवा २.५ इंची २४ पर्यंत. बॅकअप, सीसीटीव्ही रेकॉर्डिंग, फाइल सर्व्हर अशा कामांना ३.५ इंची हार्ड डिस्क घ्या; दर टीबीमागे त्याच स्वस्त. डेटाबेस किंवा व्हर्च्युअल मशीनसाठी २.५ इंची एसएसडी. सॅस आणि साटा हे डिस्क जोडण्याचे दोन प्रकार, तर एनव्हीएमई हा त्याहून वेगवान एसएसडीचा. सॅस बॅकप्लेनवर साटा डिस्क चालते, पण तो नुसता सॅस-साटाचा असेल तर एनव्हीएमई चालत नाही. कोणत्या कप्प्यांत एनव्हीएमई चालेल, हे वेंडरकडून लेखी घ्या.

पायरी २ : कंट्रोलर आणि रेड
रेड म्हणजे अनेक डिस्क एकत्र जोडून, एखादी बिघडली तरी डेटा वाचवण्याची सोय. ती वेगळ्या कार्डाने, म्हणजे हार्डवेअर रेडने, हवी असेल तर डेलचं पर्क एच७५५ कार्ड. झेडएफएस किंवा सेफ (हेच काम स्वतः करणारी सॉफ्टवेअर) वापरणार असाल तर रेड कार्डावर पैसे घालू नका, साधं एचबीए (डिस्क नुसत्या जोडून देणारं कार्ड) घ्या. ऑपरेटिंग सिस्टीम मोठ्या डिस्कवर टाकू नका. तिच्यासाठी मागच्या बाजूला बॉस कार्डावर (डेलचं खास त्यासाठीचं कार्ड) दोन छोट्या एम.२ एसएसडी मिररमध्ये, म्हणजे एकीची प्रत दुसरीवर ठेवत, बसतात.

मोठ्या हार्ड डिस्कवर रेड ५ (एकच डिस्क गेलेली चालते) करू नका, हे माझं ठाम मत आहे. १२ टीबीची डिस्क बदलली आणि नवी सेकंदाला २०० एमबी वेगाने सलग भरत गेली, तरी सुमारे १७ तास लागतात. कामाच्या भाराखाली त्याहून जास्त. तेवढ्या वेळात दुसरी डिस्क गेली तर सगळा डेटा गेला. अशा ६ डिस्क असतील तर रेड ६ मध्ये (दोन डिस्क गेलेल्या चालतात) ४८ टीबी मिळतात, रेड १० मध्ये (जोड्या, एकीची प्रत दुसरीवर) ३६. साठवणीला रेड ६, डेटाबेसला रेड १०. एक जादा डिस्क कपाटात ठेवाच.

पायरी ३ : नेटवर्क डिस्कच्या जोडीचं हवं
१ गिगाबिट पोर्टमधून सेकंदाला जेमतेम १२५ एमबी जातात. एक साधी हार्ड डिस्कसुद्धा सलग वाचनात त्याला पुरून उरते. मग एनव्हीएमईवर केलेला खर्च वायाच जातो. १ टीबी न्यायला १ गिगाबिटवर सव्वादोन तास, तर १० गिगाबिटवर पाव तासाच्या आत.

आधी तुमच्या स्विचमध्ये कोणते पोर्ट आहेत ते पाहा. त्याच रॅकमध्ये जोडायचं असेल तर एसएफपी प्लस (१० गिगाबिटच्या पोर्टचा एक प्रकार) आणि डॅक केबल (दोन्ही टोकांना प्लग जोडूनच येणारी छोटी केबल) स्वस्त पडते, तापतही कमी. लांब अंतराला तांब्याची केबल हवी असेल तर कॅट ६ए, १०० मीटरपर्यंत. दोन पोर्ट बाँड केले, म्हणजे एकत्र जोडले, तरी एकच फाइल कॉपी सहसा एकाच केबलवरून जाते, वेग दुप्पट होत नाही.

एकच प्रोसेसर घेत असाल तर एक गोष्ट जरूर विचारा : काही पीसीआयई स्लॉट (कार्ड बसवायच्या खाचा) दुसऱ्या प्रोसेसरला जोडलेले असतात आणि तो नसेल तर ते बंदच राहतात. ओसीपी कार्ड (नेटवर्कचं) आणि रेड कार्ड कुठे बसणार, ते आधी बघून घ्या.

पायरी ४ : आयड्रॅकचा पोर्ट
आयड्रॅक म्हणजे सर्व्हर दुरून सांभाळायची डेलची सोय. तिचा पोर्ट वेगळ्या नेटवर्कवर ठेवा, इंटरनेटला उघडा सोडू नका.

पायरी ५ : चाचणी
खरा डेटा टाकण्याआधी चालू सर्व्हरमधून एक डिस्क ओढून काढा, मग एक नेटवर्क केबल. काम चालू राहिलं पाहिजे आणि दोन्ही वेळी अलर्टचा मेल आला पाहिजे. मेल आला नाही तर सर्व्हर ताब्यात घेतल्याची सही करू नका.