फौजीच्या ट्रंकेतले बिल्ले: गोळा करायला निघण्याआधीची तयारी

परदेशी मोहिमेवर जाऊन आलेल्या फौजीच्या बाहीवरचा बिल्ला म्हणजे तळहाताएवढं कापड. ते कोणाच्या बाहीवर होतं, कुठल्या मोहिमेत आणि कोणत्या साली, हे सोबत लिहिलेलं असेल तरच त्याला संग्रहात जागा द्यावी. नुसते बिल्ले बाजारात आणि ऑनलाइन ढिगाने मिळतात. म्हणून या छंदाची निम्मी तयारी वही-पेन्सिलीची आहे आणि ती घराबाहेर पाऊल टाकण्याआधी करायची आहे.

पहिलं काम म्हणजे हद्द ठरवणं. जगभरच्या सगळ्या फौजांचे बिल्ले जमवायला निघालात तर वर्षभरात कपाट भरेल आणि हाती काही लागणार नाही. आपल्या सोलापूर जिल्ह्यात, बार्शीपासून मंगळवेढ्यापर्यंत आणि करमाळ्यापासून अक्कलकोटपर्यंत, निवृत्त फौजी आहेत. त्यांच्यापैकी जे संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत जाऊन आले, त्यांच्यापासून सुरुवात करा असं मी आग्रहाने सांगेन. भारताने आजवर पन्नासहून अधिक मोहिमांत मिळून २,९०,००० हून जास्त माणसं पाठवली आहेत. त्यातली आपल्या जिल्ह्यातली माणसं आज भेटू शकतात, बोलू शकतात. उद्या त्यांच्या ट्रंका भंगारात गेल्या तर ही माहिती कुठेच मिळणार नाही.

मग वहीच्या एका पानावर मोहिमा आणि साल मांडून घ्या. हे पान तुमचं सर्वांत उपयोगी हत्यार. लेबनॉनची युनिफिल १९७८ पासूनची, पण भारताची बटालियन तिथे १९९८ पासून. गोलन टेकड्यांवरची अनडॉफ १९७४ ची, आपण २००६ पासून. काँगोतली मोहीम आधी मोनुक होती, १ जुलै २०१० पासून तिचं नाव मोनुस्को झालं. दक्षिण सुदानची अनमिस जुलै २०११ ची. सुदान आणि दक्षिण सुदान यांच्यातल्या वादाच्या आबयेई प्रदेशात जानेवारी २०२३ मध्ये महिला सैनिकांची प्लाटून गेली. संपलेल्या मोहिमांत इथिओपिया-एरिट्रिया (२००० ते २००८) आणि सिएरा लिओन (१९९९ ते २००५) लक्षात ठेवा. लायबेरियात २००७ पासून २०१६ पर्यंत आलटून-पालटून गेलेल्या महिलांच्या तुकड्या सीआरपीएफच्या, म्हणजे पोलीस दलाच्या होत्या. त्यामुळे 'लायबेरिया, महिला बटालियन, भारतीय सेना' असं सांगून कोणी बिल्ला दाखवला तर तिथेच थांबा.

या पानाने खोटेपणा कसा पकडता येतो तेही पाहा. बिल्ल्यावर मोनुस्को लिहिलंय आणि खाली साल २००८ आहे, तर तो त्या काळचा असूच शकत नाही. सिएरा लिओनची मोहीम २००५ पर्यंत चालली खरी, पण भारताने आपली फौज माघारी आणण्याचा निर्णय २००० सालीच जाहीर केला होता. मग २००४ च्या भारतीय बटालियनचा बिल्ला आला कुठून? बनावट बिल्ला करणारा शिलाई सुरेख करतो, तारखा मात्र तपासत नाही.

आता प्रत्यक्ष कापड. यूएनला गेलेल्या माणसाच्या गणवेशावर सहसा वेगवेगळ्या जातीच्या खुणा सापडतात: निळा यूएनचा बिल्ला, तिरंगा, भारतीय तुकडीचा खास बिल्ला आणि त्याच्या पलटणीची किंवा फॉर्मेशनची (ब्रिगेड, डिव्हिजन अशा मोठ्या तुकडीची) खूण. यूएनच्या चिन्हात जगाचा नकाशा उत्तर ध्रुव मध्ये धरून काढलेला असतो, त्यावर पाच समकेंद्री वर्तुळं आणि दोन्ही बाजूंना ऑलिव्हच्या फांद्या. घाईत केलेल्या नकलेत वर्तुळं कमी भरतात, नाहीतर खंडांचा लगदा होतो. तिरंग्यातल्या अशोकचक्राच्या २४ आऱ्या मात्र मोजत बसू नका, एवढ्या लहान भरतकामात त्या खऱ्या बिल्ल्यावरही उमटत नाहीत. स्पेलिंगची चूक दिसली म्हणून लगेच नाकारूही नका. छावणीजवळच्या गावातल्या शिंप्याकडून तुकडीचे बिल्ले करून घेण्याची रीत सगळ्याच फौजांत आहे, आणि त्या शिंप्याला आपली अक्षरं कुठून ठाऊक असणार? असा बिल्ला मला तरी जास्त मोलाचा वाटतो.

बिल्ला उलटा करून पाहायला विसरू नका. सोलापूरकराला हे शिकवावं लागत नाही, चादर घेतानाही आपण आधी मागची बाजू बघतो. शहरात गणवेश शिवणारे कारखाने आहेत, कॉम्प्युटर एम्ब्रॉयडरीची दुकानं आहेत. त्यांतल्या एखाद्या जाणत्या कारागिराशी ओळख करून घ्या आणि तुमचे पहिले काही बिल्ले त्याच्यासमोर ठेवा. बॉबिनचा धागा कोणता, मागचं अस्तर कसलं, कड गुंफून घेतलीय की लेझरने कापलीय, हे तो हातात घेताच सांगेल. वापरलेल्या बिल्ल्याच्या कडेला सुईची जुनी भोकं असतात, वेल्क्रोत धूळ आणि लोकर अडकलेली असते, उन्हाने एक बाजू जास्त विटलेली असते. अतिनील दिव्याखाली धागा चमकला तर बिल्ला खोटा, असं बरेच जण सांगतात. ती कसोटी दुसऱ्या महायुद्धापर्यंतच्या कापडासाठी ठीक. अलीकडच्या धाग्यांना चमक आणणारी रसायनं लावलेलीच असतात, त्यामुळे इथे तिचा उपयोग नाही.

आपल्या माणसाच्या ट्रंकेत परक्या फौजांचे बिल्लेही निघतील, कारण छावण्यांत अदलाबदल चालते. लेबनॉनहून आलेल्याकडे इटली, घाना, इंडोनेशिया, नेपाळचे बिल्ले असले तर आश्चर्य नको, ते देशही त्याच मोहिमेत आहेत. अफगाणिस्तानातल्या आयसॅफचा, म्हणजे नाटोच्या नेतृत्वाखालच्या बहुराष्ट्रीय फौजेचा, हिरवा बिल्ला ऑनलाइन फार दिसतो. त्यावर पश्तो लिपीत 'मदत आणि सहकार्य' अशा अर्थाचे शब्द असतात, आणि ती मोहीम २०१४ अखेर संपली. अमेरिकी सैनिकाच्या उजव्या बाहीवरचा झेंडा उलटा दिसतो, तारे पुढच्या बाजूला. ती चूक नव्हे, त्यांचा नियमच तसा आहे. त्यांच्या डाव्या बाहीवर सध्याच्या तुकडीची खूण असते आणि उजवीवर पूर्वी ज्या तुकडीबरोबर युद्धक्षेत्रात सेवा केली तिची.

भूकंपानंतरच्या मदतकार्यांच्या नावाने विकले जाणारे बिल्ले मी शेवटी घ्यायला सांगेन. नेपाळचं ऑपरेशन मैत्री २०१५ मध्ये, तुर्कस्तानचं ऑपरेशन दोस्त फेब्रुवारी २०२३ मध्ये, म्यानमारचं ऑपरेशन ब्रह्मा २०२५ मध्ये झालं. दोस्तच्या वेळी आग्र्याचं ६० पॅरा फील्ड हॉस्पिटल भूकंपानंतर लगोलग निघालं होतं. एवढ्या घाईत निघालेल्यांनी खास बिल्ले शिवून नेले असतील का, हा प्रश्न आधी स्वतःला विचारा. नंतर आठवण म्हणून केलेला असेल तर तसंच लिहून ठेवा.

कायदा इथेच समजून घ्या. सैनिक नसताना सैनिक भासावा अशा हेतूने गणवेश किंवा खूण वापरणं भारतीय न्याय संहितेच्या कलम १६८ खाली गुन्हा आहे, त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. जानेवारी २०२२ मध्ये आलेला नवा डिजिटल नमुन्याचा कॉम्बॅट गणवेश खुल्या बाजारात विकायला मनाई आहे. तेव्हा सध्या वापरात असलेला माल कोणी 'कॅन्टीनमधून काढून देतो' म्हणालं तर सरळ नाही म्हणा. बिल्ला जॅकेटवर शिवू नका, पोरांच्या कपड्यांवर तर मुळीच नको. पठाणकोटवर २०१६ मध्ये हल्ला करणारे फौजी वेशात आले होते, एवढं आठवलं तरी पुरे. आज नोकरीत असलेल्या जवानाला त्याची पलटण कुठे आहे, कधी निघणार, हे विचारायचं नाही आणि कोणी सांगितलं तरी फोटोखाली लिहायचं नाही.

भेटीला जाताना आधी फोन करा. गावात निवृत्त फौजीला 'मेजर' म्हणतात, तसंच म्हणा. सुभेदार असतील तर 'सुभेदार साहेब'. ज्वारीची काढणी चालू असेल तर संध्याकाळी जा. पिशवीत पांढरं सुती कापड, फूटपट्टी, मऊ कुंचला, साधी कागदी पाकिटं, शिसपेन्सिल आणि चार्ज केलेला फोन एवढं पुरतं. चिकटपट्टी आणि गोंद घरीच ठेवा. बसल्याबरोबर बिल्ले मागू नका. आधी तिथले फोटो पाहायला मागा. फोटोत बिल्ला कुठल्या बाहीवर आहे हे दिसतंच, आणि माणूस बोलायला लागतो. विदेश सेवा मेडल असेल तर त्याच्या पट्टीवर देशाचं नाव असतं. यूएनच्या पदकाची फीत प्रत्येक मोहिमेची वेगळी असते. डिस्चार्ज बुक त्यांनी आपणहून दाखवलं तर साल जुळवून घ्या, पण त्याचा फोटो काढू नका.

किंमत तुम्ही काढू नका. ते म्हणाले 'घेऊन जा', तरी आधी घरच्यांना विचारा. वहिनींना किंवा मुलीला तो हवा असतो आणि मेजरना ते ठाऊकही नसतं. हुतात्म्याच्या घरी काहीच मागायचं नाही. त्यांनी दाखवलं तर बसून पाहायचं, ऐकायचं, परवानगी दिली तर फोटो घ्यायचा आणि निघायचं. याबाबतीत मी कोणतीही सवलत मानत नाही.

बिल्ला मिळाला की त्याच बैठकीत पाकिटावर पेन्सिलीने लिहून घ्या: कोणाचा, पलटण, मोहीम, कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत, हाती कसा आला. शक्य तर त्यांच्याच अक्षरात. परत मागितला तर द्यायचा, हेही तिथेच लिहा. पुढून-मागून, फूटपट्टी शेजारी ठेवून, दिवसाउजेडी फोटो काढा.

घरी आणल्यावर धुवायचा नाही, इस्त्री करायची नाही, कुंचल्याने धूळ झाडायची. सोलापुरात उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो, म्हणून पश्चिमेच्या भिंतीला लागलेल्या लोखंडी कपाटात बिल्ले नकोत. रबरी बिल्ले उष्णतेने चिकट होतात, त्यांच्यामध्ये बटर पेपर घाला. वेल्क्रोची काटेरी बाजू कापडाने झाका, नाहीतर शेजारच्या बिल्ल्याचे धागे ओढले जातात. स्वस्त पीव्हीसी पाकिटं आणि डांबरगोळ्या दोन्ही टाळा. पावसाळ्यात महिन्यातून एकदा उघडून कसर लागली नाही ना ते पाहा.

कुठून सुरुवात करायची हे अजून ठरलं नसेल तर लेबनॉनला जाऊन आलेल्यांपासून करा. सुरक्षा परिषदेने ऑगस्ट २०२५ मध्ये युनिफिलला शेवटची मुदतवाढ दिली, ती ३१ डिसेंबर २०२६ ला संपते. १९९८ पासूनच्या इतक्या तुकड्यांची माणसं आज गावोगावी आहेत. तालुक्याच्या माजी सैनिक संघटनेत विचारा, कोणीतरी नक्की सांगेल, आणि पहिला फोन याच आठवड्यात करा.