प्रोसेसरची पिढी कशी जोखायची

टॉवेल-चादरीची जॅकार्ड, म्हणजे विणीतच उमटणारी, डिझाइनं करणाऱ्यांना मी कॉम्प्युटर जुळवून देतो. सोलापुरात सेकंडहँड मशीन बघायला गेलात की हमखास ऐकू येतं, ‘आय सेव्हन आहे, डोळे झाकून घ्या.’ आय थ्री, आय फाइव्ह, आय सेव्हन या इंटेलच्या प्रोसेसरच्या मालिका. डोळे उघडे ठेवा आणि आधी पिढी, म्हणजे तो कुठल्या काळातल्या घडणीचा, ते विचारा.

विंडोजचा टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्समध्ये सीपीयूवर, म्हणजे प्रोसेसरवर, क्लिक करा, पूर्ण नंबर तिथंच दिसतो. आय ७-२६०० मधला २ म्हणजे दुसरी पिढी, २०११ ची. आय ३-१२१०० मधले १२ म्हणजे बारावी, २०२२ ची. दोघांनाही चार कोअर (प्रत्यक्ष काम करणारे भाग), आठ थ्रेड (एका वेळी चालणारी कामं). बेस क्लॉक, म्हणजे मूळ वेग, जुन्याचा ३.४ गिगाहर्ट्झ, नव्याचा ३.३. कागदावर जुना वरचढ, कामात मात्र हा आय थ्री त्याला कुठल्या कुठे मागे टाकतो. नवा कोअर तेवढ्याच सायकलमध्ये (घड्याळाच्या ठोक्यांत) जास्त काम उरकतो, शिवाय बूस्टला, म्हणजे जोर लागला की, ४.३ पर्यंत जातो. म्हणून पिढ्या वेगळ्या असल्या की गिगाहर्ट्झवर भांडत बसू नका.

इंटेल घेणार असाल तर आठवीच्या खाली उतरू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. आय ५-७४०० ला चार कोअर होते, आय ५-८४०० ला सहा झाले. विंडोज ११ सुद्धा, एखाददुसरा अपवाद सोडला तर, आठवीपासूनच अधिकृतपणे चालतं, आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला.

रायझनचा, म्हणजे एएमडी कंपनीच्या प्रोसेसरचा, नंबर चकवतो. रायझन ५ ३४००जी नावाला तीन हजारी, आत मात्र झेन प्लस (झेन हे आतल्या रचनेचं नाव), म्हणजे रायझन ५ २६०० चाच भाऊ. तिथं झेन कितवा ते बघा.

मग सिनेबेंच हा प्रोसेसरचा वेग मोजणारा प्रोग्रॅम लावा, तुमच्या जुन्या आणि घ्यायच्या अशा दोन्ही मशीनवर एकच आवृत्ती. झूम करणं, रंग बदलणं अशा कामाला बहुतेक वेळा सिंगल कोअरचा स्कोअर महत्त्वाचा, व्हिडिओ-रेंडरला मल्टी कोअरचा. टेस्ट दहा मिनिटं चालू द्या, तीही दुपारी. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. मशीनच्या आतल्या पंख्यात धूळ बसलेली असली की प्रोसेसर तापून वेग कमी करतो आणि स्कोअर घसरतो. तो दोष पिढीचा नव्हे, कूलरचा, म्हणजे त्या पंख्याचा.

शेवटी तुमची सगळ्यात जड डिझाइन फाइल पेनड्राइव्हवर न्या, दोन्हीकडे उघडा आणि मोबाइलवर वेळ लावा. फरक सेकंद-दोन सेकंदांचाच निघाला तर जुनं मशीन ठेवा, त्यात एसएसडी, म्हणजे हार्डडिस्कच्या जागी वेगवान स्टोरेज, टाका. नव्या प्रोसेसरला बहुधा मदरबोर्डही (तो बसतो ते मुख्य सर्किट) नवा लागतो, तो खर्च धरूनच हिशेब करा.