मान वर, मान खाली : घराजवळ रानटर्कीचे कुटुंब कसे पाहावे

अमेरिकेत ज्यांच्या घरामागे थोडी झाडी आणि तिला लागून गवताचा मोकळा पट्टा आहे, त्यांच्या परसात मे-जूनच्या सुमारास रानटर्कीची मादी पिल्लांचे लेंढार घेऊन येण्याची शक्यता बरीच असते. आज हे दृश्य सरावाचे वाटत असले तरी अनेक राज्यांत ते पन्नास वर्षांपूर्वी दिसत नव्हते. मॅसॅच्युसेट्समधून ही जात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर नाहीशी झाली होती. १९७२ आणि १९७३ मध्ये न्यूयॉर्क राज्यातून पकडून आणलेले ३७ पक्षी बर्कशायर भागात सोडले गेले आणि त्यांच्यापासून तिथले आजचे थवे वाढत गेले.

निरीक्षणाची सुरुवात घरटे शोधण्यापासून करू नये, हे आधीच सांगितलेले बरे. घरटे म्हणजे झुडपाखाली किंवा पडलेल्या ओंडक्याच्या आडोशाला जमिनीत उकरलेला उथळ खळगा आणि त्यात वाळका पाचोळा, एवढेच असते. मादी त्यात साधारण रोज एक याप्रमाणे दहा-बारा अंडी घालते, आणि अंडी पुरी होत आल्यावरच उबवायला बसते; म्हणून पहिले आणि शेवटचे अंडे यांत जवळजवळ दोन आठवड्यांचे अंतर असूनही सुमारे २८ दिवसांनी सगळी पिल्ले एका दिवसाच्या आत बाहेर पडतात. या काळात माणसाच्या सततच्या वावराने बुजलेली मादी अंडी टाकून निघून जाऊ शकते. गवत कापताना घरटे अवचित दिसलेच, तर यंत्र तिथेच बंद करून आल्या वाटेने परतावे, तो कोपरा महिनाभर तसाच वाढू द्यावा आणि कुत्र्याला मोकळे सोडू नये.

घरटे न पाहताही ती बसली आहे की नाही, हे ओळखता येते. एरवी थव्यात रमणारी मादी एकटीच येऊ लागली, घाईघाईने खाऊन दर वेळी एकाच दिशेने झाडीत शिरू लागली, तर ती बहुधा खुडूक झाली आहे असे समजावे आणि ती तारीख वहीत लिहून ठेवावी. पिल्ले बाहेर पडण्याआधीच अंड्यातून आवाज देतात, आई दबक्या स्वरात उत्तर देते, आणि अंगावरची लव वाळताच दिवसभरात सगळे घरट्याला कायमचा रामराम करतात. त्यानंतर रिकामा खळगा पाहायला हरकत नाही. टरफलाचे रुंद टोक झाकणासारखे गोल कापलेले असेल तर पिल्लू सुखरूप निघाले. टरफलांचा चुरा झालेला असेल तर रकून, स्कंक किंवा कोल्ह्याचा हात तिथे फिरला असावा. अंडी गेली तर मादी पुष्कळदा दुसऱ्यांदा मांडणी करते, त्यामुळे जुलैअखेर अगदी चिमुकली पिल्ले दिसली तरी नवल वाटून घेऊ नये.

पाहण्यासाठी घराची खिडकीच उत्तम. खोलीतला दिवा मालवून पडदा अर्धा ओढून घ्यावा आणि साधी दुर्बीण जवळ ठेवावी. दव ओसरल्यानंतरची सकाळ मला सर्वांत फलदायी वाटते.

आता मुख्य सूचना: नजर पिल्लांवर नव्हे, आईच्या मानेवर ठेवावी. पिल्ले बोटभर गवतातही दिसेनाशी होतात, पण मान खाली असेपर्यंत ती पांगून मजेत टिपत आहेत, हे नक्की. मान काठीसारखी ताठ झाली की काहीतरी हलले आहे. अशा वेळी एक तीक्ष्ण ‘पट्’ असा आवाज येतो, आणि क्षणापूर्वी टोळामागे धावणारे पिल्लू जिथल्या तिथे दगड होऊन बसते. एका सकाळी वरून ससाणा गेला तेव्हा माझ्या खिडकीसमोरच्या आठ पिल्लांपैकी एकही मला दुर्बिणीतून दिसेना. आई मात्र एक डोळा आकाशाकडे तिरपा करून उभी होती. तिची मान खाली आली आणि त्याच गवतातून आठही डोकी वर निघाली. ताठ मान तुमच्या खिडकीकडे वळली असेल, तर तुम्ही जास्त हललात.

पहिले दोन आठवडे सर्वांत कठीण असतात. पिल्लांना उडता येत नाही, रात्री ती जमिनीवर आईच्या पंखांखाली झोपतात, आणि थंड पावसात भिजलेले पिल्लू सहज दगावते. निम्म्याहून अधिक पिल्ले याच काळात जाणे हे नेहमीचे आहे. दहाची सहा झाली म्हणून आपले काही चुकले असे मानू नये. याच दिवसांत त्यांचे पोषण मुख्यतः किड्यांवर होते, म्हणून परसात कीटकनाशक फवारणे टाळावे. साधारण दहा-चौदा दिवसांनी ती फडफडत खालच्या फांदीपर्यंत पोहोचतात. संध्याकाळी आईने फांदीवर पंख पसरावेत आणि त्यांखाली दोन्हीकडून पिल्लांनी शिरावे, हे दृश्य दिसले तर त्या दिवशी वहीत दुसरे काही लिहिण्याची गरज नाही.

धान्य टाकण्याचा मोह मात्र आवरावा. अनेक ठिकाणी ते कायद्याने निषिद्ध आहे, आणि नसले तरी माणसाला सरावलेले पक्षी पुढे वाटसरूंच्या अंगावर धावून जातात किंवा मोटारीत दिसणाऱ्या स्वतःच्या प्रतिबिंबाशी भांडतात. एकटे ओरडणारे पिल्लू दिसले तरी उचलू नये. आई बहुतेक वेळा जवळच दबून असते आणि तुम्ही आत गेल्याखेरीज बाहेर येत नाही. पिल्लांचा बाप कुठे आहे, असे घरातली मुले हमखास विचारतात. नर या संसारात कुठेच नसतो.

मोजणी करायची तर कुटुंब मोकळा रस्ता ओलांडत असताना करावी, कारण तेव्हा पिल्ले रांगेत येतात. आईमागे किती पिल्ले आहेत याच्या नोंदी बऱ्याच राज्यांची वन्यजीव खाती नागरिकांकडून मागवतात. न्यूयॉर्कमध्ये ही पाहणी ऑगस्टमध्ये होते. तोपर्यंत दोन-तीन आया आपापला कबिला एकत्र करून हिंडू लागलेल्या असतात. अशा वेळी माद्या किती आणि पिल्ले किती, एवढेच लिहावे. कोणते पिल्लू कोणाचे, हे ठरवण्याच्या फंदात पडू नये.