टेनपिन बॉलिंग: १५०वर अडकलेला स्कोअर पुढे कसा न्यावा

नेमाने लेनवर जाणाऱ्या माणसाचा स्कोअर पहिल्या काही महिन्यांत भराभर चढतो आणि मग १४०-१५०च्या आसपास ठाण मांडून बसतो. आता काय करू, असं विचारलं की सगळीकडून एकच सल्ला मिळतो: हुक (बॉलचं वळण) वाढव, महाग बॉल घे, स्ट्राइक (पहिल्याच बॉलला दहाही पिना) वाढतील. हल्ली त्यात 'जेसन बेलमोंटेसारखं दोन हातांनी टाक' याचीही भर पडली आहे. बेलमोंटे फार मोठा खेळाडू आहे आणि दोन हातांची शैली जगभर पोचली ती मुख्यतः त्याच्यामुळे. पण १५०वर अडकलेल्या खेळाडूला स्ट्राइक कमी पडत नसतात. त्याला नडते ती एकटी उरलेली पिन, आणि बहुतेक वेळा ती १० नंबरची असते, उजव्या कोपऱ्यातली.

खालचं सगळं उजव्या हाताने खेळणाऱ्यांसाठी लिहिलं आहे. डावखुऱ्यांनी उजवं-डावं उलटं करावं, बोर्ड (लेनच्या उभ्या पट्ट्या) डावीकडून मोजावेत आणि १०च्या जागी ७ नंबरची पिन धरावी. पिनांचे नंबर असे: सगळ्यात पुढची १, तिच्या मागे डावीकडून उजवीकडे २-३, मग ४-५-६, शेवटी ७-८-९-१०.

पायरी १: आधी नुकसान मोजा

गेम संपला की वरच्या पडद्याचा फोटो काढून ठेवा. पाच-सहा गेम जमले की प्रत्येक ओपन फ्रेम, म्हणजे दोन बॉलांतही दहा पिना न पडलेली फ्रेम, बघा. पहिल्या बॉलला नऊ पडल्या आणि दुसरा बॉल रिकामा गेला, अशा फ्रेमभोवती गोल करा.

नऊवर थांबलेल्या फ्रेमचे गुण ९. तीच पिन पडली असती तर १० अधिक पुढच्या बॉलचे गुण. पुढे पुन्हा नऊच पडल्या तरी त्या फ्रेमचे १९ होतात, स्ट्राइक पडला तर २०. आधीची फ्रेम स्ट्राइकची असेल तर तिच्यातही एकाची भर पडते. म्हणजे एकटी पिन चुकली की १० ते १२ गुण जातात. एका गेममध्ये अशा तीन पिना सोडल्या की तीस गुण तरी गेलेच.

आता उलट बाजूने बघा. एकही स्ट्राइक न पाडता दहाही फ्रेममध्ये ९ आणि स्पेअर (उरलेली पिन दुसऱ्या बॉलला) केला, शेवटच्या जादा बॉललाही ९ पाडल्या, तर स्कोअर १९० होतो. हे ज्याला पटलं त्याने हुक वाढवायचा नाद सोडावा. अमेरिकेतल्या व्यावसायिक बॉलिंगपटूंच्या पीबीए टूरवर सर्वाधिक, म्हणजे ४७, विजेतेपदं वॉल्टर रे विल्यम्स ज्युनिअर याच्या नावावर आहेत. नावाजला गेला तो अचूकतेसाठी आणि स्पेअरसाठी, मोठ्या हुकसाठी नव्हे. (घोड्याचे नाल फेकण्याच्या खेळातही तो विश्वविजेता होता. नेम हीच त्याची विद्या.)

पायरी २: स्ट्राइकच्या बॉलला हात लावू नका

लेनवर काढलेल्या बाणांपैकी उजवीकडून दुसऱ्या बाणावरून जो बॉल तुम्ही टाकता तो तसाच चालू द्या. निदान दोन महिने त्यात काहीही बदलू नका.

पायरी ३: दुसऱ्या बॉलसाठी प्लॅस्टिकचा बॉल

आपल्याकडच्या बहुतेक सेंटरमध्ये रॅकवर जे हाऊस बॉल असतात ते प्लॅस्टिकचे, म्हणजे पॉलिएस्टरच्या कवचाचे असतात. हा बॉल लेनला कमी धरतो, त्यामुळे कमी वळतो, आणि स्पेअरसाठी आपल्याला नेमकं तेच हवं आहे. स्वतःचा हुकचा बॉल असला तरी रॅकवरून वजनाला जवळचा एक बॉल शोधून दुसऱ्या बॉलसाठी बाजूला ठेवा. अंगठा सहज निघतो का ते बघा. भोक सैल असलं की आपण नकळत बॉल आवळतो, आवळला की मनगट फिरतं आणि सगळी मेहनत वाया जाते.

विकत एकच बॉल घ्यायचा असेल तर पहिला प्लॅस्टिकचाच घ्या, आपल्या हाताच्या मापाने भोकं पाडून. दुकानदार वेगळं सांगेल. त्याचं ऐकू नका.

पायरी ४: वळण नसलेला बॉल टाकायला शिका

मला सगळ्यात जास्त दमवलं ते या पायरीने. तुम्हालाही इथेच सर्वाधिक वेळ द्यावा लागेल.

१० नंबर इतकी का चुकते, ते आधी समजून घ्या. नेहमीच्या लेनवर तेल मधल्या भागात भरपूर असतं आणि दोन्ही कडांना कमी. १० नंबरसाठी आपण डावीकडे उभे राहून बॉल तिरका उजवीकडे पाठवतो. मधल्या तेलावर तो घसरत बरोबर निघतो. मग उजव्या कडेच्या कोरड्या भागात पोचतो आणि हातून निघताना त्याला जे फिरणं मिळालेलं असतं ते तिथे जागं होतं. बॉल पकड घेतो, डावीकडे वळतो आणि पिनेला चाटूनही न जाता निघून जातो. तुम्ही म्हणता नेम चुकला. नेम ठीक होता, हात चुकला. म्हणून पुढच्या वेळी तुम्ही आणखी उजवीकडे टाकता आणि बॉल गटरमध्ये, म्हणजे लेनच्या कडेच्या खाचेत, जातो. एकदा डावीकडून, एकदा गटरमध्ये, असं चालू राहिलं की माणूस या पिनेला घाबरायला लागतो.

यात आणखी एक गंमत आहे. तुमचा स्ट्राइकचा बॉल सुधारतो तशी ही पिन उलट जास्त उरायला लागते. पॉकेटमध्ये, म्हणजे १ आणि ३च्या मध्ये, बॉल चांगला बसतो, नऊ पिना आडव्या होतात, पण ६ नंबरची पिन १०ला न लागता तिच्या समोरून किंवा मागून निघून जाते. म्हणून हुक वाढवून ही अडचण सुटत नाही.

आता हाताचं. बॉल सोडताना तळहात बॉलच्या पाठीमागे, पिनांकडे तोंड करून हवा. अंगठा समोर, बोटं मागे. सोडल्यानंतर हात सरळ वर जावा आणि तळहात छताकडे यावा. कोणाशी हात मिळवताना पंजा जसा उभा होतो तसा तो शेवटी झाला तर बॉल वळणारच. बोटांनी बॉल वर उचलायचा नाही आणि मनगट कुठल्याही बाजूला फिरवायचं नाही. हाऊस बॉलमध्ये बोटं दुसऱ्या पेरापर्यंत आत जातात. हुकवाल्यांना ते आवडत नाही, पण सरळ बॉलसाठी ती पकड उत्तम.

हे वाचायला सोपं आहे आणि करायला अवघड, कारण वर्षभर हाताला फिरवायची सवय लावलेली असते. मन सांगतं सरळ टाक, हात शेवटच्या क्षणी फिरतो आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. त्यावर एकच खात्रीचा उपाय मला माहीत आहे. बॉलवर पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा लावा, मित्राला मागून मोबाइलवर मंद गतीने चित्रण करायला सांगा आणि पट्टी कशी फिरते ते बघा. ती समोरच्या दिशेने सरळ गडगडत गेली तर हात बरोबर आहे. भोवऱ्यासारखी बाजूला फिरली तर मनगट फिरलं. स्वतःच्या जाणिवेवर विश्वास ठेवू नका, चित्रणावर ठेवा. चिकटपट्टी सरावापुरतीच, स्पर्धेत नाही.

दोन चुकांपासून सावध राहा. पहिली, वेग कमी करणं. 'एकच पिन तर आहे, सावकाश टाकू' असं वाटतं. बॉल जितका सावकाश तितका त्याला वळायला वेळ जास्त. स्पेअरचा बॉल नेहमीच्या वेगाने किंवा किंचित जास्त वेगाने जायला हवा. दुसरी, पिनेकडे बघणं. पिन ६० फुटांवर आहे, बाण पंधराएक फुटांवर. बाणापाशी एका बोर्डाची चूक झाली तर पिनेपाशी ती चारएक बोर्डांची होते. म्हणून बाण निवडा आणि बॉल त्याच्यावरून जाईपर्यंत नजर तिथून हलवू नका. बॉल पिनेला लागला की नाही ते आवाजावरून कळतंच.

पायरी ५: उभं कुठे राहायचं

लेनला ३९ बोर्ड असतात, ते उजवीकडून मोजा. १० नंबरसाठी डावा पाय साधारण ३५व्या बोर्डावर ठेवा आणि मधल्या, म्हणजे चौथ्या बाणावर नेम धरा. खांदे आणि कंबर पिनेकडे वळवा आणि त्याच दिशेने चाला. बहुतेक जण पिनांच्या मधोमध तोंड करून उभे राहतात आणि शेवटी हात उजवीकडे ढकलतात. तसं केलं की पायरी ४ची सगळी मेहनत पाण्यात जाते.

उजव्या कडेला उभं राहून गटरच्या बाजूबाजूने सरळ टाकायचा सल्ला कोणी देईल. तो घेऊ नका. त्या रेषेवर बॉल पूर्ण ६० फूट गटरशेजारून जातो, तिरक्या रेषेवर फक्त शेवटी.

पिन मनातून मोठी करा. बॉलचा व्यास साडेआठ इंच, पिनेची जाडी जास्तीत जास्त पावणेपाच इंच. कोपऱ्यातली पिन आणि गटर यांच्यातली जागा धरून हिशेब केला तर बॉलच्या मध्याला तिथे साधारण नऊ इंच मोकळीक मिळते. १० नंबर पाडायला बॉल तिच्या बरोबर मधोमध लागायची गरज नाही.

आता दुरुस्ती. बाण तोच ठेवायचा, फक्त पाय सरकवायचे. बॉल पिनेच्या डावीकडून गेला तर पाय डावीकडे, गटरमध्ये गेला तर पाय उजवीकडे. चूक ज्या बाजूला, पाय त्याच बाजूला. पाय एक बोर्ड सरकले की पिनांपाशी सुमारे तीन बोर्डांचा फरक पडतो, म्हणून एका वेळी एकच बोर्ड. आणि दुरुस्ती करण्याआधी स्वतःला विचारा: बॉल खरंच चौथ्या बाणावरून गेला होता का? गेला नसेल तर पाय हलवायचे नाहीत, तोच बॉल पुन्हा नीट टाकायचा.

पायरी ६: बाकीच्या एकट्या पिना

६ नंबर उरली तर १०च्या जागेवरून दोन-तीन बोर्ड उजवीकडे, ३ उरली तर आणखी तितकेच. ७ नंबरला डावा पाय २०व्या बोर्डाच्या आसपास, बाण तोच. ४ आणि २साठी तिथून दोन-तीन बोर्डांच्या टप्प्याने डावीकडे या. तुमची जागा एक-दोन बोर्डांनी वेगळी निघेल. सापडली की लिहून ठेवा.

पायरी ७: सराव

मित्रांबरोबर शनिवारी रात्री मोठ्या गाण्यांत आणि रंगीत दिव्यांत होतो तो सराव नव्हे. तोवर दिवसभरात लेनवरचं तेलही विस्कटलेलं असतं. आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी जा, एकटे जा.

मशीन तुमच्यासाठी एकटी पिन उभी करणार नाही, म्हणून पूर्ण मांडणीवरच टाका: पहिला बॉल १० नंबरवर, दुसरा ७ नंबरवर. मधल्या पिनांकडे बघायचंच नाही. पहिल्या बॉलला १० पडली पाहिजे. तिच्याबरोबर ६ पडली तरी चालेल. बॉल आधी ३वर आदळला तर तो डावीकडे आहे, मग १० कशीही पडली असली तरी ती धरू नका. अख्खा गेम असाच खेळा. पडद्यावर केविलवाणा स्कोअर दिसेल, शेजारच्या लेनवरचे लोक वळून बघतील, बघू द्या. सराव संपला की लगेच एक खरा गेम खेळा आणि त्यात फक्त एकट्या पिना किती उरल्या आणि किती घेतल्या एवढंच लिहा.

पायरी ८: रुंद स्प्लिटच्या (दूरदूर उरलेल्या पिनांच्या) मागे लागू नका

७-१० उरली तर एक पिन घ्या आणि पुढच्या फ्रेमकडे वळा.

पायरी ९: मग दोन पिनांकडे

दहातल्या आठ एकट्या पिना नेमाने पडायला लागल्या की ६-१० घ्या. जागा १० नंबरचीच, फार तर एक बोर्ड उजवीकडे, कारण बॉलने ६च्या उजव्या कडेला लागून पुढे १०कडे जायला हवं. मग ३-१०. इथे ३ची उजवी बाजू धरायची, म्हणजे बॉल उजवीकडे ढळून १० घेतो. २-७ शेवटी ठेवा. उजव्या हाताला ती जड जाते, कारण तिथे २ची डावी बाजू धरावी लागते आणि बॉल बहुतेक वेळा तिथवर न पोचता समोरूनच तिच्यावर आदळतो. तीसुद्धा प्लॅस्टिकच्या बॉलने, ७ नंबरच्या जागेवरून सुरुवात करून, एकेक बोर्ड सरकत शोधा.