बेळगावच्या माळावर ‘ट्वीक’ पकडून आयनांबराची उंची मोजा

प्लाझ्मा म्हणजे विद्युतभारित कणांचा वायू. ध्रुवीय प्रकाशाच्या पट्ट्यात वर उसळणारे आयनांचे झोत आणि त्यांच्या जोडीच्या प्लाझ्मा-लहरी बेळगावात मिळायच्या नाहीत. ते झोत 1976 मध्ये ओळखले, तेही एस3-3 उपग्रहानं, हजारो किलोमीटर उंचीवर. पण आपल्या डोक्यावरच्या प्लाझ्माचा, म्हणजे आयनांबर या वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थराचा, तळ खानापूर-निपाणीकडच्या मोकळ्या माळावरून मोजता येतो. दूरच्या विजेची रेडिओ-लहर जमीन आणि आयनांबर यांच्यामधून आपटत येते आणि ‘ट्युंग्’ असा घसरता आवाज देते. तोच ट्वीक.

एक मीटर बाजूची लाकडी चौकट करून 27 गेजच्या इनॅमल तारेचे 50 वेढे घ्या. हाच आपला लूप, म्हणजे अँटेना. मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात तीनशे ग्रॅम तार मागा. पाव किलोत जेमतेम भागतं. टोकं पॉलिश पेपरनं तांबं चकाकेपर्यंत घासा, मगच सोल्डर करा. मल्टिमीटरवर 25 ओहमच्या आसपास यायला हवं. काहीच दाखवत नसेल तर टोकाला इनॅमल राहिलंय किंवा तार तुटलीय. बरंच कमी आलं तर वेढे एकमेकांना लागलेत.

लूपपासून दहा मीटर शिल्डेड केबल, मग 10 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर (धन टोक साउंड कार्डाकडे), मग यूएसबी साउंड कार्डाचं माइक-इनपुट. केबल आखडू नका, लॅपटॉप स्वतःच गोंगाट करतो. चार्जर काढाच. आवाज ‘स्वच्छ’ करणारी सेटिंगं बंद करा, नाहीतर ट्वीकच पुसले जातात.

खरा शत्रू 50 हर्ट्झची घरघर. उसाच्या शिवारात रात्री थ्री-फेज आली की पंप सुरू होतात, म्हणून डीपी आणि तारांपासून निदान अर्धा किलोमीटर लांब जा. उरलेली घरघर लूप उभा ठेवून सावकाश फिरवला की एका दिशेला एकदम बसते, तिथंच थांबा. स्पेक्ट्रोग्रामवर (वेळेनुसार वारंवारता दाखवणाऱ्या चित्रावर) 18.2 किलोहर्ट्झला सरळ रेघ दिसली तर ती तिरुनेलवेलीजवळच्या नौदल केंद्राची, म्हणजे जोडणी बरोबर.

वेळ रात्री आठनंतरची. दिवसा आयनांबराचा सगळ्यात खालचा डी-थर लहर गिळतो. वळवाचे दिवस उत्तम, मात्र गडगडाट कानावर आला की लगेच आवरा, माळावर थांबू नका.

48 किलोहर्ट्झवर रेकॉर्ड करून ऑडॅसिटी या ध्वनी-सॉफ्टवेअरमध्ये स्पेक्ट्रोग्राम काढा, विंडो 512. ट्वीकची शेपटी 1700 हर्ट्झच्या आसपास आडवी होते. 1,50,000 ला (प्रकाशाच्या वेगाची निम्मी, किलोमीटर प्रति सेकंद) त्या आकड्यानं भागा: 88 किलोमीटर. या विंडोत वारंवारतेचं एक घर 94 हर्ट्झचं, म्हणजे उंचीत पाच किलोमीटरचा फरक. म्हणून एका तासातले वीस-पंचवीस ट्वीक मोजून सरासरी काढा.