जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात नव्या गाडीला जागा कशी द्यावी

सांगली-मिरजेत जुन्या गाड्यांचे प्रदर्शन भरवायचे ठरले की पहिला वाद नव्या गाड्यांवरून होतो. दोन वर्षांपूर्वीची चकचकीत गाडी घेऊन एखादा हौशी तरुण मैदानाच्या फाटकाशी येतो. त्याला परत पाठवले तर तो पुन्हा फिरकत नाही, आणि कोणताही विचार न करता आत घेतले तर सारी गर्दी त्याच्याभोवती जमते. मी स्वतः एका प्रदर्शनात हे पाहिले आहे. मोठ्या आवाजात गाणी लावलेल्या नव्या गाडीपाशी पोरे फोटो काढत होती आणि तीन महिने खपून उभी केलेली एक ‘डुक्कर’ फियाट (लोक जुन्या फियाटला याच नावाने ओळखतात) शेजारी दुर्लक्षित उभी होती. तिच्या मालकाचा उतरलेला चेहरा मी विसरलेलो नाही. तरीही माझे मत असे आहे की नव्या गाडीला आत घ्यावे. मात्र तिची रांग वेगळी असावी, ती तेथे कशासाठी उभी आहे हे फलकावर लिहिलेले असावे आणि तिचे परीक्षण जुन्या गाड्यांबरोबर होऊ नये.

त्यासाठी जुने कशाला म्हणायचे हे प्रवेशअर्जावरच छापून घ्यावे. २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत झालेल्या दुरुस्तीनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे पूर्ण झालेली आणि चेसिस (गाडीचा सांगाडा), बॉडी व इंजिन यांत मोठा फेरफार न झालेली दुचाकी किंवा चारचाकी ‘व्हिंटेज’ ठरते व तिला ‘व्हीए’ अक्षरांचा क्रमांक घेता येतो. जुन्या वाहनांच्या ‘फिवा’ या आंतरराष्ट्रीय महासंघाची अट किमान ३० वर्षांची आहे. या दोन आकड्यांवरून तीन विभाग सहज पडतात: पन्नाशी ओलांडलेल्या, तीस ते पन्नासमधल्या आणि तिशीच्या आतल्या. १९८३ च्या डिसेंबरमध्ये आलेली मारुती ८०० अनेकांना अजून ‘नवी’ वाटते, पण तिच्या सुरुवातीच्या गाड्यांनी चाळिशी पार केली आहे. म्हणून आठवणीवर न विसंबता आर.सी. बुकावरची तारीख पाहूनच विभाग ठरवावा.

खरी अडचण येते ती जुन्या बॉडीत नवे इंजिन असलेल्या गाडीची. पद्मिनी किंवा अँबॅसिडर या जुन्या मोटारींमध्ये नंतर डिझेल इंजिन बसवून घेणारे आपल्याकडे पुष्कळ होते, आणि त्यांनी ते हौसेखातर नव्हे तर पोटासाठी केले होते. अशी गाडी नाकारू नये. तिला वयानुसार विभागात उभी करावी, बदल फलकावर स्पष्ट लिहावा आणि अस्सलपणाच्या बक्षिसातून तेवढी वगळावी. बॉनेट उघडून चेसिस व इंजिनचे क्रमांक आर.सी. बुकाशी ताडून पाहण्याचे काम जाणत्या फिटरकडे द्यावे. आपल्या भागात आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. २०१९ च्या महापुरात कित्येक गाड्या पाण्याखाली होत्या. त्यांपैकी एखाद्या गाडीचा गंजलेला तळपत्रा कापून नवा जोडला असेल, तर त्याला दुरुस्ती मानावे, फेरफार मानू नये.

नव्या गाड्यांपैकी कोणती घ्यावी याला माझी एकच कसोटी आहे: शेजारची जुनी गाडी समजण्यास तिची मदत झाली पाहिजे. विश्रामबागेतील अभियांत्रिकी महाविद्यालयाला ज्यांचे नाव आहे, त्या वालचंद हिराचंद यांनीच १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली आणि तिच्याच कुर्ल्याच्या कारखान्यातून पुढे पद्मिनी बाहेर पडली. ती पद्मिनी आणि आजची एखादी छोटी पेट्रोल गाडी बॉनेट उघडून शेजारी-शेजारी उभ्या कराव्यात. सकाळच्या गारव्यात पद्मिनीच्या मालकाने चोकची (गार इंजिनाला पेट्रोलचे प्रमाण वाढवून देणारी) मूठ ओढावी, इंजिनाने दोनदा खोकून तिसऱ्यांदा धरावे, पेट्रोलचा वास यावा, मग चोक हळूहळू आत ढकलताना आवाज कसा सुधारतो हे मुलांनी ऐकावे. आणि लगेच शेजारची नवी गाडी सुरू करून दाखवावी. कार्ब्युरेटरमध्ये हवा-पेट्रोलचे जे प्रमाण चालक हाताने सांभाळत होता, तेच आज सेन्सर आणि संगणक कसे सांभाळतात, हे कोणत्याही व्याख्यानापेक्षा येथे लवकर कळते. पद्मिनीच्या स्टिअरिंगजवळच्या दांडीने गिअर टाकण्याची संधीही मुलांना द्यावी, मात्र इंजिन बंद ठेवून आणि मालक शेजारी बसलेला असतानाच.

अशा नव्या गाड्या एकूण संख्येच्या पाचव्या हिश्शाहून अधिक नसाव्यात, असे मला वाटते. त्यांची रांग मैदानाच्या शेवटी ठेवावी, म्हणजे तेथे पोहोचेपर्यंत लोक जुन्या गाड्यांपुढून जातील. गाणी आणि इंजिन रेस करणे यांना अर्जातच मनाई लिहावी. प्रेक्षकांचे बक्षीस प्रत्येक विभागाला स्वतंत्र द्यावे.

प्रदर्शन डिसेंबर-जानेवारीत भरवावे, कारण पावसाने भिजलेल्या काळ्या मातीत जड गाडी रुतून बसते. गळणारे तेल झेलायला प्रत्येक जुन्या इंजिनाखाली पुठ्ठा किंवा पत्र्याचा ट्रे ठेवावा, दर दोन रांगांमागे एक अग्निशामक आणि वाळूची बादली असावी, तसेच विमा व पीयूसीच्या प्रती अर्जासोबतच मागवाव्यात. ज्या तरुणाची गाडी कसोटीला उतरत नाही, त्याला आठ दिवस आधी फोन करून तसे सांगावे आणि गाड्या रांगेत लावण्यासाठी स्वयंसेवक म्हणून त्याला आग्रहाने बोलवावे.