14 फेब्रुवारीसाठी फळं भरलेल्या स्वर्ल कुकीज, आपल्या जळगावच्या हवेत जमतील अशा

स्वर्ल कुकीजचे व्हिडिओ बघितले की वाटतं किती सोप्पं आहे, पोळी लाटली, जाम लावला, गुंडाळी केली, कापली, झालं. आणि मग ओव्हनमधून बाहेर येतं ते सगळं पसरलेलं, ट्रेवर जाम उतू जाऊन काळा झालेला आणि गुंडाळी सुटलेली. याची कारणं दोनच असतात, एकतर आतलं फळ ओलं राहिलं किंवा पीठ गरम झालं. बाकी मापं इकडेतिकडे झाली तरी कुकी खाण्यालायक होते, पण या दोन गोष्टी सांभाळल्या नाहीत तर होत नाही. आणि ते व्हिडिओवाले बहुतेक थंड गावातले असतात, आपल्याकडे फेब्रुवारीत पहाटे भले स्वेटर लागो, दुपारी बारानंतर बटर कट्ट्यावर ठेवलं की पाघळायला लागतं, म्हणून हे काम सकाळी लवकर नाहीतर रात्री जेवणं आटोपल्यावर करायचं. दुपारी करायला घेऊच नका.

आधी आतल्या सारणाचं बोलू कारण खरं काम तिथेच आहे.

व्हॅलेंटाइन म्हटलं की सगळ्यांना स्ट्रॉबेरीच पाहिजे, लाल असते म्हणून. या दिवसांत महाबळेश्वरकडची स्ट्रॉबेरी आपल्या बाजारात पण येते, छोट्या प्लॅस्टिकच्या डब्यांत, वरच्या छान आणि खालच्या दबलेल्या, ते डबा उलटा करून बघून घ्यायचं. पण नुसत्या स्ट्रॉबेरीत पाणी भरपूर आणि जाम घट्ट करणारं पेक्टिन कमी, त्यामुळे ती आटता आटत नाही आणि फार आटवली तर रंग जातो. म्हणून मी तिच्यात गुलाबी पेरू घालते. पेरूत पेक्टिन भरपूर असतं, हिवाळ्यात स्वस्त मिळतो, आतून गुलाबी असला की रंगाला पण मदत होते आणि वास तर असा येतो की एसेन्सची गरजच नाही. फक्त पेरू विकत घेताना विचारून घ्या गुलाबी आहे का, बाहेरून कळत नाही, आणि एकदम पिकून मऊ झालेला घेऊ नका कारण जास्त पिकला की पेक्टिन कमी होतं, थोडा कडक असलेलाच बरा.

माप असं, 150 ग्रॅम स्ट्रॉबेरी, 150 ग्रॅमच्या आसपासचा एक गुलाबी पेरू, 80 ग्रॅम साखर, एक छोटा चमचा लिंबाचा रस. पेरूच्या फोडी करून बुडतील इतपत पाण्यात झाकण ठेवून मऊ शिजवायच्या, गार झाल्या की चाळणीतून दाबून गाळून घ्यायच्या म्हणजे बिया वर राहतील (मिक्सरला लावू नका, बिया फुटून कचकच लागते). स्ट्रॉबेरी बारीक चिरायची. दोन्ही जाड बुडाच्या कढईत साखर घालून मंद ते मध्यम आचेवर हलवत बसायचं, सुरुवातीला खूप पाणी सुटेल, घाबरू नका, मग ते आटत जाईल, बुडबुडे मोठे मोठे होतील आणि फटफट उडायला लागतील तेव्हा हात सांभाळा कारण साखरेचा चटका पाण्यापेक्षा वाईट असतो. लिंबू शेवटी शेवटी घालायचं. झालं की नाही ते बघायला एक स्टीलची ताटली आधीच फ्रीजरमध्ये ठेवायची, तिच्यावर थेंब टाकून एक मिनिट थांबायचं, मग मधून बोट फिरवायचं. रेघ तशीच राहिली आणि ताटली तिरपी केल्यावर थेंब ओघळला नाही म्हणजे झालं. पोळीला लावतो त्या जामपेक्षा हे घट्ट पाहिजे, चमच्यावरून पडता कामा नये. का, तर ओव्हनमध्ये गेल्यावर उरलेल्या पाण्याची वाफ होते, ती वाफ गुंडाळी उघडते आणि त्याच वाटेने साखर बाहेर येऊन ट्रेवर जळते.

पूर्ण गार होऊ द्या, अगदी पूर्ण. आदल्या रात्री करून फ्रीजमध्ये ठेवलं तर सगळ्यात चांगलं.

ज्यांना एवढं करायला वेळ नाही त्यांनी बाटलीतला मिक्स फ्रूट जाम घ्या पण तसाच्या तसा लावू नका, चार-पाच चमचे जाम कढईत तीन-चार मिनिटं आटवा आणि गार झाला की एक चमचा बिस्किटाचा चुरा मिसळा, चुरा ओल शोषून घेतो. चव अर्थात बाटलीचीच येणार.

आता जळगावची माणसं विचारणारच की केळी कुठे आहेत. अख्खा रावेर-यावल पट्टा केळीचा, 2016 पासून जळगावच्या केळीला जीआय टॅग (त्या गावच्या मालाची सरकारी ओळख) पण आहे, आणि मी पेरू घाला म्हणते! तर केळ्याचं सारण होतं, पटकन घट्ट पण होतं, पण त्याचा रंग तपकिरी येतो, लिंबू घातलं तरी फार तर सोनेरी राहतो, आणि या दिवशी लोकांना गुलाबी पाहिजे असतं. घरच्यांसाठी करायचं असेल तर दोन पिकलेली केळी कुस्करून दोन-तीन चमचे गूळ आणि वेलची घालून गोळा होईपर्यंत परता, चवीला मला तर तेच जास्त आवडतं. मेहरूणच्या बोरांचं पण असंच, सीझन संपत आलेला असतो पण मिळाली तर उकडून बिया काढून गर गुळात आटवा, आंबटगोड मस्त लागतं. रंग मात्र मातकट येतो, तेव्हा ज्याला द्यायचं त्याला आधीच सांगून ठेवा.

पीठ आता. मैदा 180 ग्रॅम (सपाट दीड कप, त्यातून चमचाभर काढून ठेवलेला), कॉर्नफ्लोअर दोन मोठे चमचे, बटर 100 ग्रॅम म्हणजे छोटी वडी अख्खी, पिठीसाखर 80 ग्रॅम, बेकिंग पावडर पाव छोटा चमचा, व्हॅनिला थोडा, थंड दूध दोन मोठे चमचे. अंड्याची गरज नाही, आमच्याकडे सासूबाई अंडं स्वयंपाकघरात येऊ देत नाहीत त्यामुळे मी दुधावरच करते आणि कोणाला फरक कळत नाही. तुमच्याकडे चालत असेल तर दुधाच्या जागी एक पिवळा बलक घाला. अमूलचं पिवळं बटर खारं असतं, ते घेतलं तर वेगळं मीठ घालायचं नाही, बिनमिठाचं घेतलं तर चिमूटभर घालायचं.

तुपात करू का असं खूप जणी विचारतात. नानकटाई तुपातच करावी, पण इथे गुंडाळी करायचीय आणि तुपाचं पीठ भुसभुशीत होऊन वळताना तडकतं, बटरमध्ये थोडं पाणी असतं त्याने पीठ धरून राहतं. तूपच घालायचं असेल तर 80 ग्रॅम घट्ट थिजलेलं तूप आणि दूध चमचाभर जास्त, आणि थोड्या भेगा पडणार हे धरून चाला. कणीक अर्धी मैदा अर्धा चालतं, सगळी कणीक नको.

बटर बोट दाबलं तर खळगा पडेल इतकंच मऊ पाहिजे, वितळलेलं अजिबात नको. ते आणि पिठीसाखर चमच्याने किंवा बीटरने दोन मिनिटं फेटा, फार हलकं करत बसू नका, हवा भरली की कुकी पसरते. मैदा, कॉर्नफ्लोअर, बेकिंग पावडर एकत्र चाळून त्यात घाला, व्हॅनिला घाला, दूध लागेल तसं थोडं थोडं घालत नुसतं गोळा करा. पोळीच्या कणकेसारखं मळायचं नाही, तिंबलं की कुकी चिवट होते. दोन गोळे करून चपटे करा, झाकून अर्धा तास फ्रीजमध्ये.

लाटायला दुधाची रिकामी पिशवी कापून धुवून पुसून घ्या किंवा बटर पेपर, दोन तुकड्यांच्या मधे गोळा ठेवून लाटायचं म्हणजे वरून मैदा भुरभुरावा लागत नाही. पोळपाटावर मावेल असा चौकोन, साधारण 20 बाय 18 सेंटीमीटर, जाडी चार-पाच मिलीमीटर. कडा वाकड्या आल्या तर कापून कोपऱ्यात चिकटवा, कोणी बघत नाही. लाटताना चिकट व्हायला लागलं तर भांडू नका, तसंच पिशवीसकट दहा मिनिटं फ्रीजरमध्ये टाका. आमच्याकडे हे सगळं चालू असताना आजेसासूबाई येऊन बघून गेल्या, "हाई काय शे व?" (हे काय आहे गं?) म्हणाल्या आणि दुधाची पिशवी बघून खूश झाल्या की सून काटकसरी आहे.

सारणाचा पातळ थर लावा, चौकोनाला दीड-दोन मोठे चमचे पुरे. मोह होतो जास्त लावायचा पण लावू नका. ज्या बाजूला गुंडाळी संपणार ती दीड-दोन सेंटीमीटर कड कोरी ठेवा, तिथे दुधाचं बोट फिरवा म्हणजे चिकटेल. आता खालचा कागद उचलत उचलत अळूवडीसारखी गुंडाळी करा, पहिला वेढा घट्ट आणि मधे हवा राहू द्यायची नाही. ही झाली साधी गोल स्वर्ल.

दुसऱ्या गोळ्याचे हार्ट करा, ते दिसतं अवघड पण साचा लागत नाही. सारण सगळीकडे लावायचं, कड कोरी सोडायची नाही, आणि दोन्ही बाजूंनी एकाच वेळी गुंडाळत मधोमध आणायचं, दोन गुंडाळ्या एकमेकींना टेकल्या पाहिजेत. त्या टेकतात तिथे दुधाचं बोट. मग अख्खी जोडगुंडाळी उलटी करा म्हणजे सपाट बाजू वर येईल, आणि त्या बाजूने दोन्ही हातांच्या बोटांनी चिमटत लांबीभर टोक काढा, व्ही आकाराचं. कापल्यावर प्रत्येक चकती हार्ट निघते, आत दोन वेटोळी. टोक नीट धारदार काढा, बेक होताना ते थोडं बोथट होतंच.

दोन्ही गुंडाळ्या कागदात घट्ट बांधून फ्रीजरमध्ये 40 मिनिटं. इथे घाई करणाऱ्याच्या कुकीज बसणार. मग धारदार सुरीने एक-एक सेंटीमीटरच्या चकत्या, गोलवाली प्रत्येक कापानंतर थोडी फिरवत राहा नाहीतर एक बाजू चपटी होते. सुरीला धार नसेल तर शिवणाचा दोरा गुंडाळीखालून घालून वर फुली करून दोन्ही टोकं ओढा, स्वच्छ कापलं जातं, हार्टला मात्र दोरा नको, आकार बिघडतो, त्याला सुरीच. सगळ्या मिळून तिसेक-पस्तीस होतात.

ओव्हन 175 डिग्रीला पंधरा मिनिटं आधी तापवा, वरचा खालचा दोन्ही रॉड चालू, ट्रे मधल्या खाचेत. तेवढ्या वेळात चकत्या बटर पेपरवर दोन बोटं अंतर ठेवून मांडून परत फ्रीजमध्ये, गारच ओव्हनमध्ये जाऊ द्या. 12 ते 14 मिनिटं लागतात, पण घड्याळापेक्षा कडांकडे बघा, कडा बदामी झाल्या आणि मधला भाग अजून फिकट असला की काढायच्या. छोट्या ओटीजीत (घरगुती छोट्या ओव्हनमध्ये) मागची बाजू लवकर भाजते म्हणून नऊ-दहा मिनिटांनी ट्रे फिरवा. बाहेर काढल्यावर मऊ लागतील, कच्च्या राहिल्या म्हणून परत आत ढकलू नका, पाच मिनिटं ट्रेवरच राहू द्या, मग जाळीवर. आणि मधेच लाइट गेली (आपल्याकडे हे गृहीतच) तर दार उघडायचं नाही, आतली उष्णता टिकते, थोड्या वेळात आली तर दोन-तीन मिनिटं वाढवून काम होतं.

ओव्हन नसेल तर जाड कढईत दीड वाटी मीठ पसरा, वर स्टँड, घट्ट झाकण, मध्यम आचेवर दहा मिनिटं तापवा. मग ताटलीत सहा-सात कुकीज ठेवून आच बारीक करा, 20 मिनिटांच्या आसपास होतात, ताटली कढईच्या कडेला टेकू देऊ नका. वरून रंग फारसा येत नाही, खालून उचलून बघायचं. ते मीठ परत स्वयंपाकात वापरू नका, पुढच्या बेकिंगसाठी बरणीत वेगळं ठेवा.

रंगाबद्दल एक. गुलाबी पीठ हवं म्हणून लोक बीटचा रस घालतात, कच्चं असताना सुंदर दिसतं आणि भाजलं की तपकिरी होतं, बीटचा रंग उष्णतेला टिकत नाही. सारणाचा गुलाबीपणा पुरेसा आहे, फारच वाटलं तर गार झाल्यावर वरून पिठीसाखर भुरभुरवा.

आणि ज्यांचं माणूस पुण्याला नाहीतर सुरतला आहे त्यांनी डब्यात भरायच्या आधी पूर्ण दोन तास गार होऊ द्या, कोमट भरल्या तर आत वाफ धरून सकाळपर्यंत नरम पडतात. प्रत्येक थरामधे बटर पेपर, वरची मोकळी जागा कागदाच्या बोळ्यांनी भरून टाका म्हणजे डबा हलवला तरी खुळखुळणार नाही. हवाबंद डब्यात चार-पाच दिवस राहतात, त्यामुळे 11-12 तारखेला करून ट्रॅव्हल्सने पाठवल्या तरी चालतं, फक्त हार्टवाल्या वरच्या थरात ठेवा, टोकं खालच्या थरात आधी तुटतात. तुटलेल्या असतील त्या घरी ठेवून घ्या, चहाबरोबर संपतात.